टी-शर्ट आणि लेस: एकाच घराण्यातली भावंडं

आज लढाया, तह, किल्ले सगळं बाजूला. आजचा एपिसोड टी-शर्टवर आहे. आणि लेसवर.

सध्या रील्सवर एक प्रकार जोरात चालू आहे. साधा, एकरंगी टी-शर्ट घ्यायचा, गळ्याला, बाहीला नाहीतर खालच्या घेराला लेस लावायची, आणि तीस सेकंदांत नवाकोरा टॉप तयार. आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या घरात तर फुकटच्या हॅकेथॉन टी-शर्टांना तोटा नसतो, एरवी त्यांचं पुढे फरशी पुसायचं फडकं होतं. त्यामुळे आयडिया मला आवडली. पण या रील्समध्ये एक वाक्य ठरलेलं असतं, की बघा, आम्ही दोन टोकं एकत्र आणली. टी-शर्ट म्हणजे रफ, रोजचा, मशीनचा. लेस म्हणजे नाजूक, राजेशाही, हातची.

हे ऐकलं की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. कारण ही दोन टोकं नाहीतच मुळी. टी-शर्टचं कापड आणि बाजारात मीटरवर मिळणारी लेस, दोघांचं घराणं एकच आहे. इंग्लंडमधला नॉटिंगहॅमशायर आणि आजूबाजूचा मुलूख, आणि तिथलं मोजे विणायचं एक यंत्र. त्या घराण्यात इस्टेटीवरून मोठी मारामारी झाली. सैन्य उतरलं, माणसं फासावर गेली, एका कवीने संसदेत उभं राहून भाषण केलं, आणि त्या कवीच्या मुलीचं नाव आम्हा कम्प्युटरवाल्यांना कॉलेजात शिकवलं जातं. ही सगळी गोष्ट आज सांगतो.

आधी एक काम करा. ऐकता ऐकता फोनचा कॅमेरा उघडा आणि अंगातल्या टी-शर्टवर पूर्ण झूम करा. काय दिसतं? इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उभ्या रांगा. आता शर्टाचं किंवा साडीचं कापड बघा. तिथे उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून-खालून गेलेले दिसतील. मराठीत आपण दोन्हीला 'विणणं' म्हणतो आणि तिथे घोळ होतो. साडी मागावर विणतात, तिथे ताणा-बाणा असतो. टी-शर्ट मात्र स्वेटरसारखा विणलेला असतो. एकच दोरा, त्याचा फास, त्या फासातून पुढचा फास. म्हणून तो ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. तुमचा टी-शर्ट म्हणजे अतिशय बारीक दोऱ्याचा स्वेटर आहे, एवढं लक्षात ठेवा. बाकीची गोष्ट यावरच उभी आहे.

हे फास माणसं हातानेच घालायची, दोन सुया घेऊन, एका वेळी एक. १५८९ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या माणसाने यंत्र बनवलं. त्यात प्रत्येक फासाला स्वतंत्र सुई, आणि सगळ्या सुया एका रांगेत. म्हणजे एका फटक्यात अख्खी ओळ विणून होते. प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी सांगायचं तर, आधी एकेका घटकावर लूप चालत होता, लीने पूर्ण ओळीवर एकदम ऑपरेशन चालवलं. (इथे लूप हा शब्द दोन्ही अर्थांनी बरोबर बसतो, त्याचं श्रेय माझं नाही.) या यंत्राला नाव पडलं स्टॉकिंग फ्रेम, कारण त्या काळात विणलेल्या मालाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मोजे. गुडघ्यापर्यंतची विजार घालणाऱ्या पुरुषांचे लांब मोजे.

गोष्ट अशी सांगतात की लीने पहिल्या एलिझाबेथ राणीकडे पेटंट मागितलं आणि तिने नाकारलं, हाताने विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल म्हणून. ली पुढे फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. त्याच्या भावाने यंत्रं इंग्लंडात परत आणली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या पट्ट्यात घराघरात फ्रेम बसल्या. बापे फ्रेमवर बसायचे, बायका-पोरं सूत कातायची, मोजे शिवून जोडायची.

आता टी-शर्टच्या गळ्याची पट्टी बघा. ती बाकीच्या कापडापेक्षा जास्त ताणते, उभ्या रेघारेघांची असते. तिला रिब म्हणतात. यंत्रावर रिब विणायची युक्ती जेडेडाया स्ट्रट याने काढली, १७५९ चं पेटंट, नाव 'डर्बी रिब'. आणि गोल फिरत नळीसारखं कापड विणणाऱ्या फ्रेमचं पेटंट मार्क ब्रुनेल याने १८१६ मध्ये घेतलं. तुमच्या टी-शर्टला काखेपासून खाली बाजूची शिवण नसेल, तर तो अशाच गोल विणलेल्या नळीतून कापलेला आहे. म्हणजे टी-शर्ट नावाची वस्तू जन्माला यायच्या शंभर वर्षं आधी तिचे जवळजवळ सगळे पार्ट तयार होते.

बरं, लेसचं काय?

लेस म्हणजे भोकांवाली चिंधी, असं माझं लहानपणी मत होतं. पण खरी लेस कापडाला भोकं पाडून होत नाही. कापड नसतंच. हवेत दोरा फिरवून भोकांच्या भोवती नक्षी उभी करायची. सोळाव्या शतकात व्हेनिस आणि फ्लँडर्समध्ये हे काम शिगेला पोचलं. एक पद्धत सुईने, नुसत्या टाक्यावर टाका रचत. दुसरी बॉबिनने: एक टणक उशी, तिच्यावर टाचण्या टोचलेल्या, आणि डझनावारी लाकडी बॉबिन्स जोडीजोडीने एकमेकींवरून फिरवायच्या. आणि हे कोण घालायचं? पुरुष! राजे, सरदार, धर्मगुरू. कॉलरला लेस, मनगटाला लेस, बुटांना लेस. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर हा लेसच्या आयातीवर जाणाऱ्या पैशाने इतका वैतागला की त्याने १६६५ मध्ये व्हेनिसच्या कारागीर बायका आणवून फ्रान्समध्येच सरकारी कारखाने काढले. अलाँसाँ हे गाव त्यातलंच. तिथली सुईची लेस आजही होते, २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि युनेस्कोच्याच माहितीप्रमाणे एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात.

हिशोब करूया का? टी-शर्टचा गळा साधारण ६० सेंटिमीटर धरा, लेस ३ सेंटिमीटर रुंद. १८० चौरस सेंटिमीटर, गुणिले सात, म्हणजे १,२६० तास. रोज आठ तास बसलं तर १५७ दिवस आणि वर अर्धा दिवस. एका गळ्याला. आपण जी लेस चाळीस-पन्नास रुपये मीटरने आणून लावतो, तिचं मूळ रूप हे असं पाच महिने डोळे फोडून व्हायचं.

मग ती चाळीस रुपयांवर आली कशी? इथे मोज्यांचं यंत्र गोष्टीत परत येतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉटिंगहॅमच्या फ्रेमवाल्यांनी एक खटपट सुरू केली. फ्रेमवरचा एखादा फास उचलून शेजारच्या सुईवर सरकवला की कापडात भोक पडतं. आजीने तुमच्या स्वेटरला जाळीची नक्षी घातली असेल तर तीच ही युक्ती. अशी भोकं ओळीने पाडली की जाळी तयार. लेससारखी दिसायची, पण होती फासांचीच. एक दोरा तुटला की सगळं सुटत जायचं.

जॉन हीथकोट हा याच मुलखातला, याच यंत्रांवर हात बसलेला फिटर. त्याने ठरवलं, फासाने लेसची नक्कल करायची नाही. बॉबिनने लेस करणाऱ्या बाईचे हात नेमकं काय करतात ते बघायचं आणि तेच यंत्राकडून करून घ्यायचं. वरवर बघितलं तर डझनावारी दोरे सगळ्या दिशांना पळतात, डोकं चालत नाही. हीथकोटने ते उलगडलं. त्याच्या लक्षात आलं की अर्धे दोरे उभे, ताणून स्थिर ठेवता येतात. उरलेले अर्धे त्यांच्याभोवती पीळ घेत तिरके पुढे सरकले की तीच षटकोनी जाळी मिळते. आता फक्त अर्ध्याच दोऱ्यांना हलवायचं. त्यासाठी त्याने नाण्यासारख्या चपट्या बॉबिन्स बनवल्या, दोन उभ्या दोऱ्यांमधल्या फटीतून आरपार जाणाऱ्या. १८०८ आणि १८०९ ची पेटंटं. मला हा सगळा इतिहासातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. प्रॉब्लेम अर्धा गोठवून टाकणं आणि उरलेल्या अर्ध्यावर काम करणं, हे आम्ही रोज करायचा प्रयत्न करतो आणि रोज जमत नाही.

परिणाम काय झाला? सॅम्युअल स्माइल्सने १८५९ च्या 'सेल्फ हेल्प' या पुस्तकात आकडा दिलाय. या जाळीचा भाव चौरस यार्डाला ५ पौंड होता, तो पंचवीसेक वर्षांत ५ पेन्सवर आला. तेव्हाच्या एका पौंडात २४० पेन्स, म्हणजे किंमत २४० पट खाली.

आता मारामारीकडे येऊ. 'लुडाइट' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आमच्या ऑफिसात एआयच्या टूलबद्दल कुणी जरा शंका काढली की लगेच त्याला लुडाइट म्हणतात, हसून. अर्थ असा की हा मागासलेला, याला यंत्रांची भीती वाटते. मला हा शब्द असा वापरलेला अजिबात आवडत नाही, आणि याचं कारण टी-शर्टमध्ये आहे.

१८११ च्या मार्चमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नोल्ड गावात फ्रेमा फोडायला सुरुवात झाली. फोडणारे स्वतःला नेड लुड नावाच्या काल्पनिक सेनापतीची माणसं म्हणवून घ्यायचे. पण बघा, हे लोक स्वतः फ्रेमवरच काम करणारे होते. त्यांच्या आज्या-पणज्यांपासून घरात यंत्र होतं. बहुतेकांची फ्रेम भाड्याची, मालक व्यापारी, आणि काम असो-नसो आठवड्याचं भाडं कापलं जायचं. यंत्राशी त्यांचं वैर असायचं कारणच नव्हतं. त्यांचा राग होता एका ठरावीक मालावर. त्याला म्हणायचे 'कट-अप'.

चांगला मोजा फ्रेमवर आकारातच विणला जायचा. पोटरीला रुंद, घोट्याला निमुळता, कडा दोन्हीकडून बंद. हे कसबाचं काम, शिकायला वर्षं जायची. व्यापाऱ्यांनी काय केलं, रुंद फ्रेमवर सरसकट सपाट कापड विणून घ्यायचं, ते कात्रीने मोज्याच्या आकारात कापायचं आणि शिवून टाकायचं. फटाफट होतं, कुणीही नवशिका करतो. पण कापलेल्या कडेचे फास मोकळे, शिवण सुटली की मोजा उसवला. गिऱ्हाईक चिडणार, धंद्याचं नाव खराब, आणि दर पडणार ते चांगला माल करणाऱ्याचेही. म्हणून ते अशा फ्रेमा निवडून फोडायचे. ठरलेला दर देणाऱ्या मालकाची फ्रेम शेजारच्याच खोलीत सहीसलामत राहिल्याच्या नोंदी आहेत. सपाट कापडातून बेतून, कापून, शिवलेला विणलेला कपडा, आता हे वर्णन पुन्हा ऐका. हेच तर टी-शर्टचं वर्णन आहे! आपण सगळे आज अंगात एक कट-अप घालून बसलोय.

म्हणजे ते चुकले होते का? मी तसं म्हणणार नाही. आजचा टी-शर्ट उसवत नाही कारण ओव्हरलॉक शिलाई पुढे आली, कडेचे फास बांधून टाकणारी. १८११ मध्ये ती नव्हती. त्यांच्या हातात जो माल होता त्याबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं. आणि दराबद्दलचं म्हणणं तर आणखीच खरं होतं.

सरकारने उत्तर दिलं फौजेने. इतिहासकार एरिक हॉब्सबॉमने दाखवलंय की लुडाइटांविरुद्ध १२,००० च्या वर सैनिक लावले होते, १८०८ मध्ये वेलिंग्टन नेपोलियनशी लढायला पोर्तुगालला जितके घेऊन गेला त्यापेक्षा जास्त. वेलिंग्टन म्हणजे कोण माहितीय ना? तोच आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये जालन्याकडच्या असईला शिंद्यांच्या फौजेशी लढलेला. शिवाय १८१२ मध्ये कायदा आणला: फ्रेम फोडली तर फाशी.

त्या विधेयकावर लॉर्ड्सच्या सभागृहात २७ फेब्रुवारी १८१२ ला एक चोवीस वर्षांचा तरुण पहिल्यांदाच बोलायला उभा राहिला, लॉर्ड बायरन. त्याचं वडिलोपार्जित घर नॉटिंगहॅमशायरमध्येच. त्याने सरळ सांगितलं की ही माणसं उपाशी आहेत, आणि फाशीने भूक मिटत नाही. भाषण गाजलं. कायदाही झाला.

१८१६ च्या जून महिन्यात एका रात्री हीथकोटच्या लफबरोच्या कारखान्यावर हल्ला झाला. पन्नासहून जास्त लेसयंत्रं फोडली, लेस जाळली, एका पहारेकऱ्यावर गोळी झाडली. जेम्स टाऊल नावाच्या माणसाला त्याच वर्षी फाशी झाली, पुढच्या वर्षी आणखी काही जणांना. हीथकोटने नुकसानभरपाईचे १०,००० पौंड नाकारले, कारण अट होती की पैसा त्याच भागात गुंतवायचा. तो कारखाना घेऊन दूर दक्षिणेला डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला, आणि त्याच्या कामगारांपैकी कित्येक जण बायका-मुलांसकट पायी चालत त्याच्यामागे गेले. जाता जाता सांगतो, ती कंपनी टिव्हर्टनला अजून आहे. २०२१ मध्ये मंगळावर पर्सिव्हिअरन्स रोव्हर उतरला, त्याच्या पॅराशूटचं कापड तिथलं. त्याच पॅराशूटच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांत नासावाल्यांनी बायनरीमध्ये एक संदेश लपवला होता, तो लोकांनी ट्विटरवर काही तासांत फोडला.

कापडात बायनरी हा प्रकार मात्र नवा नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी वाचणारा जॅकार्डचा माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला आला. १८१३ मध्ये नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सने हीथकोटच्या यंत्रात सुधारणा केली, आणि १८४१ च्या सुमारास त्या लीव्हर्स यंत्राला जॅकार्डचे पुठ्ठे जोडले गेले. आता यंत्र साधी जाळी नाही, फुलं-पानं-वेलबुट्टी काढायला लागलं. भोक असेल तर दोरा सरकेल, नसेल तर नाही. एक आणि शून्य. दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, चार्ल्स बॅबेजच्या न बनलेल्या यंत्रावर एका बाईच्या टिपा छापून आल्या. त्यात तिने हेच पुठ्ठे नजरेसमोर ठेवून लिहिलं की हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. तिचं नाव एडा लव्हलेस. बायरनची मुलगी. फ्रेमवाल्यांसाठी बोललेल्या बापाला तिने कळत्या वयात बघितलंच नाही. ती काही आठवड्यांची असताना आई-बाप वेगळे झाले. यावरून मोठं तत्त्वज्ञान काढायचा मोह होतो, पण मी काढत नाही. बाप कामगारांच्या बाजूने बोलला आणि मुलीला यंत्रातलं सौंदर्य दिसलं, दोन्ही खरं आहे, एवढंच.

यंत्र आल्यावर हाताचं काम संपलं का? तर नाही. यंत्रातून लेस सलग रुंद पन्ह्यात बाहेर पडायची. पट्ट्या एकमेकींना दोऱ्याने जोडलेल्या असायच्या, तो दोरा ओढून काढायचा, नक्षीच्या मागचे लोंबते दोरे कातरायचे, कडा कापायच्या. हे काम नॉटिंगहॅमच्या घराघरांत जायचं, बायका आणि लहान मुलांकडे. १८६० मध्ये तिथल्या एका सभेत खुद्द मॅजिस्ट्रेटने सांगितलं की नऊ-दहा वर्षांची मुलं पहाटे दोन-तीन-चारला उठवून रात्री दहा-अकरापर्यंत कामाला लावतात. कार्ल मार्क्सने ती बातमी 'कॅपिटल'मध्ये घेतली आहे. लेस स्वस्त झाली त्यातला काही भाग हीथकोटच्या डोक्याचा, काही या मुलांच्या झोपेचा.

आणि स्वस्त झाल्यावर सरदारांना लेसची गंमत राहिली नाही. तसंही अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुरुषांनी लेस सोडायला घेतली होती. ती बायकांची झाली, मग पडद्यांची, मग टेबलक्लॉथची. टी-शर्टचा प्रवास बरोबर उलटा. अमेरिकन नौदलाने १९१३ च्या सुमाराला खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिलेली ती साधी बनियन. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी ती वरून घालायला सुरुवात केली, १९५१ मध्ये मार्लन ब्रँडोने सिनेमात घातली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. लेस वरून खाली आली, टी-शर्ट आतून बाहेर आला, आणि दोघं आता तुमच्या शिलाई मशीनवर भेटताहेत.

भारतात ही भेट तुळशीबागेत होते, किंवा तुमच्या गावच्या फॉल-पिको आणि मॅचिंगच्या दुकानात. तिथे दोन-तीन प्रकार मिळतात. पातळ, ताणणारी, नेटवाली लेस असते ती बहुधा रॅशेल यंत्रावरची. ते यंत्र लीव्हर्सपेक्षा वेगळं, फास घालणारं, आणि त्याचं मूळ स्टॉकिंग फ्रेमला अठराव्या शतकात केलेल्या एका बदलात आहे. म्हणजे टी-शर्टची सख्खी बहीण. दुसरी जाडसर, उठावदार, मागे नेट नसलेली, दुकानदार जिला 'जीपीओ लेस' म्हणतो. पोस्ट ऑफिसचा काही संबंध नाही, 'गिप्युर' या फ्रेंच शब्दाचं बाजाराने केलेलं हे रूप. ती विरघळणाऱ्या कापडावर भरतकाम करून करतात, मग कापड विरघळवून टाकलं की नुसती नक्षी उरते.

तिसरी, क्रोशाची. इथे जरा थांबा. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही, आजही. यंत्रावर होते ती क्रोशासारखी दिसणारी लेस. म्हणजे हातात आलेली पट्टी खरोखरच क्रोशाची असेल, तर ती कुणीतरी बसून एकेक टाका घालून केलेली आहे, तुम्ही वीस रुपयांना घेतली असली तरी. भारतात याचं मोठं केंद्र म्हणजे आंध्रातलं नरसापूर, पश्चिम गोदावरी जिल्हा. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना हे काम शिकवलं, आणि माल परदेशी जायला लागला. मारिया मीस या जर्मन अभ्यासकाने १९७० च्या दशकात तिथे राहून अभ्यास केला, १९८२ मध्ये पुस्तक आलं. तिला दिसलं ते असं: बायका रोज सहा-आठ तास लेस विणत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी', आणि लेस म्हणजे 'फावल्या वेळातलं'. त्यामुळे मजुरी ठरवायचीही गरज नाही. निर्यातदार पुरुष होते, त्यांचा धंदा मात्र 'धंदा' होता. नरसापूरच्या क्रोशाला २०२४ मध्ये जीआय मिळाला. चांगलं झालं. पण जीआयने नावाचं संरक्षण होतं, टाक्याच्या दराचं नाही. नॉटिंगहॅमचे लोक दराचीच यादी मागत होते.

शेवटी, हे सगळं ऐकून ज्यांना टी-शर्टला लेस लावायचीच आहे त्यांच्यासाठी, कारण इतिहास इथे खरंच उपयोगी पडतो.

टी-शर्ट फासांचा आहे, तो ताणणार. जीपीओ किंवा सुती लेस ताणत नाही. दोन्ही गळ्याला सरळ शिलाईने जोडलीत तर डोकं आत जाताना पहिल्याच दिवशी दोरा तटकन तुटेल. म्हणून गळ्याला रॅशेलची ताणणारी लेस आणि झिगझॅग टाका. न ताणणारी लेस जिथे ताण येत नाही तिथे: खालचा घेर सैल असेल तर तिथे, खांद्यावर, खिशावर. सुई बोथट टोकाची घ्या, दुकानात बॉलपॉइंट सुई मागा. टोकदार सुई फास तोडते, आणि एक फास तुटला की काय होतं ते नॉटिंगहॅमवाल्यांनी सांगितलंच आहे. शिवायच्या आधी टी-शर्ट आणि लेस दोन्ही धुऊन घ्या, सुती टी-शर्ट आटतो, पॉलिएस्टरची लेस आटत नाही. लेसखालून त्वचा दिसायला हवी असेल तर आधी लेस शिवा आणि मगच मागचं कापड कापा. उलट केलंत तर कापलेली कड गुंडाळत जाते आणि धरता येत नाही.

आणि लेस खऱ्या क्रोशाची असेल, तर मशीन वापरू नका. हाताने, लांब-लांब धावदोऱ्याने टाचा. सतराव्या शतकात लेसच्या कॉलर अशाच टाचलेल्या असायच्या, कपडा धुवायला टाकायच्या आधी काढून ठेवायच्या, आणि कपडा जुना झाला की नव्याला लावायच्या. लोक मृत्युपत्रात लेस लिहून ठेवायचे. हॅकेथॉनचा टी-शर्ट दोन वर्षांत विरणार आहे, लेस नाही. दोन मिनिटांत उसवता येईल अशीच लावा.